आधी वार पाहा, मग बाग निवडा

भाद्रपद उतरणीला लागला की विचारणा सुरू होते. पाऊस ओसरला आहे, झाडे अजून हिरवीगार आहेत आणि सहामाही परीक्षेच्या आधी एखादा दिवस मोकळा काढता येतो. पण घरी गाडी नाही, किंवा असली तरी पार्किंगच्या धास्तीने ती बाहेर काढायची नाही. मग लोकलने, बसने किंवा मेट्रोने कुठल्या बागेत जावे? विचारणाऱ्यांपैकी कुणी भायखळ्यापर्यंत जाऊन बंद दारावरून परतलेले असते. कुणी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात भर दुपारी पोहोचून घामाघूम झालेले असते, तर कुणाचा रविवार मेगाब्लॉकने फलाटावरच घालवलेला असतो. बाग तिघांनीही चांगलीच निवडलेली असते, पण वार आणि वेळ कुणी पाहिलेली नसते.

म्हणून इथे बागांची यादी नंतर येईल. मजकूर मुख्यतः मुंबई आणि उपनगरांतल्या वाचकांसाठी आहे. पुणेकरांसाठीही थोडे आहे.

वार कोणता?

- सोमवारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बंद असते. कान्हेरीची लेणी उद्यानाच्या आतच असल्याने तीही त्या दिवशी विसरा.
- बुधवारी भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे आपली राणीची बाग, बंद असते. शेजारचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर महापालिका बाग सहसा उघडी ठेवते आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, बंद ठेवते. गांधी जयंती, दसरा आणि दिवाळीच्या आठवड्यात नेमका हाच घोळ होतो. सुट्टी बुधवारची असेल तर वर्तमानपत्रातली सूचना पाहूनच निघा.
- रविवारी बागा उघड्या असतात; अडचण रेल्वेची असते.

मेगाब्लॉकची बातमी बहुतेकदा शुक्रवार-शनिवारी येते. ती वाचताना तीन गोष्टी पाहा: मार्ग कोणता (मध्य, हार्बर की पश्चिम), दिशा कोणती (अप की डाऊन) आणि काम धीम्या मार्गावर आहे की जलद. मध्य आणि हार्बरवर ब्लॉक साधारणपणे सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान असतो. माटुंगा ते मुलुंड हा टप्पा त्यात वरचेवर येतो. धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की काही लहान स्थानकांवर त्या थांबत नाहीत. अशा वेळी पुढच्या मोठ्या स्थानकावर उतरून उलट दिशेची गाडी पकडावी लागते. हार्बर बंद असताना त्याच मार्गाच्या तिकिटावर मुख्य मार्गाने प्रवास करण्याची मुभा रेल्वे बहुधा जाहीर करते. ही मुभा बातमीच्या शेवटच्या ओळीत असते, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

यावर माझा सरळ सल्ला असा: रविवारी जायचेच असेल तर ब्लॉक सुरू होण्याआधी बागेत पोहोचा आणि परतीची वेळ ब्लॉक संपण्याशी जुळवा. ते जमणार नसेल तर शनिवार निवडा. आणि पितृपक्षाचा पंधरवडा जमत असेल तर त्यासारखे दिवस नाहीत. विसर्जन आटोपलेले, नवरात्राची खरेदी अजून सुरू व्हायची. गाड्याही त्यातल्या त्यात बऱ्या आणि बागाही.

अनंत चतुर्दशीला मात्र घरी थांबा. रस्ते बंद असतात, बस वळवलेल्या असतात आणि स्थानकांवर पाय ठेवायला जागा नसते. दसऱ्याला शिवाजी पार्काच्या वाटेला जाऊ नका. त्या दिवशी ते मैदान राजकीय मेळाव्याचे असते.

वेळ कोणती?

ऑक्टोबर हीट हा मुंबईकरांचा दुसरा उन्हाळा. ढग निघून गेलेले असतात, जमिनीत ओल असते, वारा पडलेला असतो. पारा पस्तिशीपर्यंत चढतो, आणि हवेतल्या दमटपणामुळे त्रास आकड्यापेक्षा जास्त होतो. साडेअकरा ते साडेतीन हा वेळ उघड्यावर घालवू नका. सकाळी लवकर जाऊन साडेअकरापर्यंत बागेबाहेर पडणे सर्वांत उत्तम. दुपारी चारनंतर जायचे तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. सप्टेंबरअखेरीस सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो, ऑक्टोबर संपेपर्यंत सहा वाजून पाच-सात मिनिटांनीच मावळू लागतो. शिवाय मोठ्या उद्यानांच्या तिकीट खिडक्या उद्यान बंद होण्याच्या बऱ्याच आधी बंद होतात. पाच वाजता पोहोचून आत सोडण्यासाठी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

कामाच्या दिवशी जाणार असाल तर गर्दीच्या उलट दिशेने जाता येईल अशी बाग शोधा. दक्षिण मुंबईत किंवा दादरला राहणाऱ्यांना सकाळी बोरिवलीकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते, आणि अकरानंतर परतताना दक्षिणेकडची गर्दीही ओसरलेली असते. डोंबिवली किंवा वसईहून सकाळी नऊच्या गाडीने मुलांना घेऊन भायखळ्याला जाण्याचा बेत मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी करू नका. तो बेत शनिवारी किंवा सुट्टीच्या दिवशीच.

परतीच्या पावसालाही विसरून चालणार नाही. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे, पण पाऊस पंचांग पाहून जात नाही. या दिवसांत दुपारनंतर गडगडाट होतो आणि वीज पडण्याचा धोका असतो. आभाळ भरून आले की मोठ्या झाडाखाली आडोसा घेऊ नका; पक्क्या छपराखाली जा किंवा स्थानकाची वाट धरा. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत पुढे ढकला.

राणीची बाग: प्राण्यांसाठी जाता, झाडांसाठी थांबा

लोकलने जाण्यासाठी हिच्याइतकी सोयीची मोठी बाग मुंबईत दुसरी नाही. मध्य रेल्वेच्या भायखळा स्थानकाच्या पूर्वेला बाहेर पडा. दहा मिनिटांच्या आत दारात पोहोचाल. काही जलद गाड्याही भायखळ्याला थांबतात, पण चढण्याआधी इंडिकेटर पाहा. पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलावी. इथे रिक्षा मिळणार नाही. माहीम आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षांना परवानगीच नाही, तिथे टॅक्सी किंवा बस. उपनगरातून येणाऱ्या पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवा.

बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. बहुतेक लोक पेंग्विन आणि वाघ पाहून निघतात आणि सुट्टीच्या दिवशी त्यांचा अर्धा वेळ रांगेत जातो. मला विचाराल तर रांग सोडा आणि झाडे पाहा. अडीचशेहून अधिक जातींची झाडे इथे आहेत: अवाढव्य बुंध्याची गोरखचिंच, कैलासपती, आणि शहरात इतरत्र क्वचितच दिसणारी उर्वशी. उर्वशीचा बहर या दिवसांत नसतो, पण झाड ओळखून ठेवायला हरकत नाही. जुन्या झाडांमुळे इथली सावली दाट आहे, म्हणून ऑक्टोबरात उशीर झालाच तर त्यातल्या त्यात सुसह्य जागा हीच. काळा घोडा चौकाला ज्याने नाव दिले तो मूळ घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, आता याच बागेत आहे, आणि घारापुरीचा दगडी हत्ती संग्रहालयाजवळ उभा आहे. मुलांना या दोन गोष्टी शोधायला लावा, तासभर कुरकुर होणार नाही.

प्रौढांना ५० रुपये आणि आईवडील व दोन मुले अशा कुटुंबाला १०० रुपये हा दर २०१७ मध्ये ठरला. चौघे असाल तर कुटुंबाचे तिकीट मागा. खिडकीवर आपणहून सांगतीलच असे नाही.

राष्ट्रीय उद्यान: किती चालणार ते दारातच ठरवा

बोरिवलीच्या उद्यानाचा विस्तार सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. इथे फसगत होते ती अंतराची. दार स्थानकाजवळ आहे म्हणून आतले सगळेच जवळ असेल, असे नवख्यांना वाटते. कान्हेरी लेणी दारापासून सहा-सात किलोमीटर आत आहेत, वाट चढाची आहे आणि उन्हात ती संपता संपत नाही.

पोहोचण्याचे मार्ग:

- पश्चिम रेल्वे: बोरिवलीला सर्व जलद गाड्या थांबतात. पूर्वेला उतरा आणि चालत जा. शेअर रिक्षाही मिळतात.
- मेट्रो ७: पश्चिम द्रुतगती महामार्गावरचे ‘राष्ट्रीय उद्यान’ स्थानक दाराच्या अगदी जवळ आहे.
- घाटकोपर, विक्रोळी, भांडुपकडून: दादरचा वळसा घेऊ नका. घाटकोपरहून मेट्रो १ ने पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकावर उतरा, पुलावरून गुंदवलीला जा आणि तिथून मेट्रो ७ पकडा. सगळा प्रवास छपराखालचा आहे आणि सरकते जिने, लिफ्ट असल्याने गुडघे दुखणाऱ्यांना सोपा.
- ठाण्याहून: घोडबंदर मार्गे बोरिवलीला जाणाऱ्या बस आहेत. महामार्गावर कोंडी असते, म्हणून सकाळीच.

आत शिरल्यावर तीनच पर्याय ठेवा. ज्येष्ठ किंवा लहान मुले बरोबर असतील तर दाराजवळच्या भागात, नदीकाठच्या रस्त्याने तास-दीड तास फिरून परत या; यात काहीही गमावल्याची रुखरुख नको. कान्हेरी पाहायची असेल तर दारातच आतल्या बसची चौकशी करा आणि शेवटची परतीची बस किती वाजता हे विचारल्याशिवाय चढू नका. तिसरा पर्याय जंगलातल्या पायवाटांचा. शिलोंढ्यासारख्या वाटांवर परवानगी आणि वाटाड्या हवाच. उद्यानाचे निसर्ग माहिती केंद्र अशा फेऱ्या आयोजित करते. स्वतःच्या मनाने कुंपण ओलांडून शिरणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि इथे बिबटे आहेत हे वेगळे सांगायला नको.

कान्हेरीला पुरातत्त्व खात्याचे वेगळे तिकीट लागते. शंभराहून अधिक लेण्यांपैकी तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य पाहिलात तरी जाणे सार्थकी लागले. पावसाळ्यानंतर पायऱ्यांवर शेवाळ असते, तेव्हा चपला घालून जाऊ नका. वरच्या कातळावर सावली नाही. माकडे हातातली पिशवी ओढतात. खाऊ सॅकमध्ये बंद ठेवा आणि त्यांना काहीही देऊ नका.

या उद्यानाची खरी मजा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्येच आहे. ओढे वाहते असतात आणि फुलपाखरांचा हंगाम भरात असतो. राज्य फुलपाखरू म्हणून २०१५ मध्ये घोषित झालेले नीलवंत, म्हणजे काळ्या पंखांवर निळी झाक असलेले ब्ल्यू मॉरमॉन, सकाळी ऊन चढू लागले की हमखास दिसते. वाटेच्या कडेला मोठ्या कोळ्यांची जाळी ताणलेली असतात. ती चुकवून चाला.

अर्ध्या दिवसापेक्षा कमी वेळ असेल तर

*महाराष्ट्र निसर्ग उद्यान, धारावी.* कचऱ्याच्या डेपोवर उभे केलेले ३७ एकरांचे रान, मिठी नदीच्या काठावर. झाडे, फुलपाखरे आणि शांतता यांसाठी याची मी सर्वांत आधी शिफारस करेन, पण इथे झोपाळे-घसरगुंडी शोधू नका. सकाळीच जा; ही संध्याकाळी हवा खायला जाण्याची बाग नव्हे. मेट्रो ३ चे धारावी स्थानक किंवा मध्य रेल्वेचे शीव यांपैकी जे जवळ पडेल ते घ्या, पुढे थोडे चालणे किंवा बस. शीवचा रेल्वेवरचा जुना पूल २०२४ मध्ये बंद झाल्यापासून तिथले बसमार्ग बदलले आहेत, तेव्हा जुन्या आठवणीवर विसंबू नका.

*फाइव्ह गार्डन्स, माटुंगा.* तिकीट नाही, वार नाही. माटुंगा किंवा दादरहून चालत. जुन्या वृक्षांचे रस्ते बागांइतकेच चांगले आहेत, आणि परतताना माटुंग्याची फिल्टर कॉफी.

*मलबार टेकडी.* हँगिंग गार्डन आणि कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट मुलांना आवडतोच. २०२५ मध्ये जवळच झाडांमधून जाणारा सुमारे अर्ध्या किलोमीटरचा उन्नत निसर्गमार्ग खुला झाला. त्यासाठी वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागते, तिकीट २५ रुपये. स्थानकापासून टेकडी चढत जाऊ नका, कमला नेहरू उद्यानाची बस घ्या.

*नवी मुंबई.* बेलापूर–पेंधर मेट्रोवर ‘सेंट्रल पार्क’ नावाचेच स्थानक आहे. खारघरचे उद्यान तिथून जवळ. झाडे अजून पुरती वाढलेली नाहीत, म्हणून फक्त सकाळी किंवा संध्याकाळी.

तिकिटांबाबत

- लोकलचे तिकीट ॲपवरून काढणार असाल तर घरातून निघतानाच काढा. स्थानकाच्या आवारात शिरल्यावर ते निघेलच असे नाही. जाऊन-येऊन तिकीट एकदम घेतले की परतीची रांग वाचते.
- साध्या तिकिटावर वातानुकूलित लोकलमध्ये चढू नका. विनातिकीट किंवा चुकीच्या तिकिटाचा किमान दंड २५० रुपये आणि वर भाडे. दंड भरल्यास पावती घ्या. पावतीशिवाय पैसे देऊ नका.
- पाच वर्षांखालील मुलांना लोकलचे तिकीट लागत नाही. पाच ते बारा वयोगटाला अर्धे.
- बेस्टचे किमान भाडे मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२ रुपये आहे. तीन-चार बस बदलायच्या असतील तर दिवसभराचा पास परवडतो. बस कुठवर आली ते ‘चलो’ ॲपवर दिसते. रविवारी बसगाड्या कमी असल्याने ते पाहूनच थांब्यावर जा.
- मेट्रो २अ आणि ७ वर ६५ वर्षांवरील नागरिक, दिव्यांग आणि बारावीपर्यंतचे विद्यार्थी यांना २५ टक्के सवलत आहे. ती सुट्या तिकिटावर मिळत नाही, ‘मुंबई १’ कार्ड काढावे लागते.

मुले, आजी-आजोबा आणि दिव्यांग

बारा वर्षांखालील मुलगा आईबरोबर महिलांच्या डब्यात प्रवास करू शकतो, त्यावरून कुणी वाद घातला तर नियम तुमच्या बाजूने आहे. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर महिला आणि कर्करुग्णांनाही परवानगी आहे. बसमध्ये ज्येष्ठांचे राखीव आसन नम्रपणे, पण निःसंकोच मागा. वाहकाला मध्ये घ्या.

चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी लोकलपेक्षा मेट्रोलगतची बाग निवडणे शहाणपणाचे. लोकलचा फलाट आणि डबा यांतली पोकळी अजूनही सगळीकडे सारखी नाही, आणि पादचारी पुलांवरचे लिफ्ट नेमके हवे तेव्हा बंद असतात.

सोबत काय घ्यावे? पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या, टोपी, मीठ-साखर, आणि अंगभर कपडे. शेवटचे उन्हापेक्षा डासांसाठी. डेंग्यू-मलेरियाचे रुग्ण याच दिवसांत वाढतात आणि बागेतल्या साचलेल्या पाण्याभोवती डास दिवसाही असतात. दमा असणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी: ऑक्टोबरात सातवीण फुलते आणि संध्याकाळनंतर तिचा वास उग्र होतो. काहींना तो मोहक वाटतो, काहींचे डोके चढते. त्रास होत असेल तर सकाळचीच फेरी ठेवा.

दसऱ्याच्या आधी बागेतल्या आपट्याला हात लावू नका. बहुतेकदा ओरबाडला जातो तो कांचन. आणि झाड कुठलेही असो, सार्वजनिक उद्यानात पाने-फांद्या तोडायला मनाई आहे.

पुणेकरांसाठी

पुण्यात मेट्रोने काम सोपे केले आहे. जंगली महाराज रस्त्यावरच्या छत्रपती संभाजी उद्यानाच्या नावाचे स्थानक वनाझ–रामवाडी मार्गावर आहे, बंड गार्डनचेही. सारसबाग आणि तिला लागून असलेले पेशवे उद्यान स्वारगेट स्थानकावरून चालत गाठता येते. पर्वतीही तिथूनच, मात्र पायऱ्या सकाळी चढा. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाला स्वारगेटहून पीएमपीच्या बस आहेत आणि तेही बुधवारी बंद असते. पुणे मेट्रोत शनिवार-रविवारी सर्वांना ३० टक्के सवलत मिळते, म्हणजे इथे रविवारचे गणित मुंबईच्या उलट आहे.

तक्रार करायची असेल तर

रिक्षा किंवा टॅक्सीवाल्याने जवळचे भाडे नाकारले तर तो मोटार वाहन कायद्याखालचा गुन्हा आहे. वाद घालू नका; गाडीचा क्रमांक, जागा आणि वेळ टिपून परिवहन कार्यालयाकडे तक्रार करा. फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडे रिक्षाला २६ आणि टॅक्सीला ३१ रुपये आहे, मीटर त्याहून पुढे सुरू झाला तर तिथेच उतरा. रेल्वेत मदत किंवा तक्रारीसाठी १३९, तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२.

महापालिकेच्या बागेत मोडका झोपाळा, बंद स्वच्छतागृह, लोंबकळणारी फांदी किंवा साचलेले पाणी दिसले तर १९१६ वर कळवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. फोटो काढताना बागेच्या नावाची पाटी त्यात येईल असे पाहा, कारण ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर टाळण्याचा तो सर्वांत सोपा उपाय आहे. आठवडाभरात काही हालचाल झाली नाही तर विभाग कार्यालयातल्या उद्यान विभागाला तोच क्रमांक घालून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.